पिकप विकत घेण्याआधी हे करून बघा: इलेक्ट्रिक गिटारचा टोन सुधारायचा क्रम

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या नाहीतर सिडकोतल्या कुठल्याही नवीन गिटारवाल्या पोराला विचारा की पहिला अपग्रेड काय करणार, उत्तर ठरलेलं, पिकप, म्हणजे तारांखालचा तो भाग जो तारेचा आवाज पकडतो. मग ऑनलाइन बघायला लागलं की चांगल्या सेटची किंमत गिटारच्या अर्ध्या किमतीला जाते, कधी कधी गिटारपेक्षाही जास्त. मग एकतर विचार बारगळतो, नाहीतर घरच्यांना पटवून मागवतात आणि बसवल्यावर म्हणतात, फरक आहे राव पण एवढ्या पैशाचा नाही. माझं म्हणणं असं की पिकप एकटा कधीच वाजत नाही, त्याच्यावर तार किती अंतरावर हलतेय आणि त्याच्यापुढे कुठला पॉट (व्हॉल्युम-टोनच्या नॉबखालचा फिरणारा रेझिस्टर), कुठला कपॅसिटर, केवढी केबल लागलीय ह्या सगळ्याचा मिळून जो आवाज होतो त्याला आपण पिकपचा टोन म्हणतो. आणि ह्यातलं पिकप सोडून बाकीचं जवळजवळ सगळं फुकटात नाहीतर एका मिसळीच्या पैशात बदलता येतं. म्हणून खाली क्रम लावलाय तो फुकटाकडून महागाकडे आहे, आणि मधल्या पायऱ्या गाळू नका, बऱ्याच जणांचं काम दुसऱ्या-चौथ्या पायरीलाच होऊन जातं.

थोडी थिअरी, कंटाळा करू नका

पिकप म्हणजे मॅग्नेट आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पिकपवर साधारण साडेसात ते आठ हजार वेढे असतात. वरची स्टीलची तार हलली की कॉइलमध्ये बारीकसं व्होल्टेज तयार होतं आणि वायरीतून जॅककडे जातं. आता मधल्या रस्त्यात गंमत अशी होते की कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीपाशी आवाज वर उचलला जातो आणि त्याच्यापुढचा ट्रेबल झपकन पडतो. ह्याला रेझोनन्स पीक म्हणतात. स्ट्रॅटचा सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकप) आणि नेहमीची केबल असेल तर हे पीक ४ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपास येतं, हंबकरला (दोन कॉइलच्या पिकपला) अडीच-तीन हजारांच्या आसपास, म्हणून हंबकर जाड वाटतो आणि स्ट्रॅट टणत्कार करते.

पीक कुठे बसणार हे कॉइल आणि केबल ठरवते, ते किती उंच उठणार हे मुख्यतः पॉट ठरवतात. एवढं एक वाक्य डोक्यात ठेवा, पुढचे बहुतेक मॉड (गिटारमध्ये आपण केलेले बदल) म्हणजे हे पीक इकडे तिकडे सरकवणं किंवा दाबणं एवढंच आहे. केबलचा कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा, म्हणजे तीन मीटरची काढून सहा मीटरची लावली की पीक खाली सरकतं आणि आवाज बोथट होतो. म्हणजे केबल बदलणं हा पण पिकपचा मॉडच झाला, गिटार न उघडता केलेला.

आणि ते 'किती के चा पिकप आहे' हे प्रकरण, के म्हणजे किलोओहम. स्ट्रॅटचा साडेपाच ते साडेसहा किलोओहम, जुन्या पद्धतीचा हंबकर साडेसात ते साडेआठ, आणि हेवी मेटलवाले जास्त जोराचे पिकप १३-१६ पर्यंत जातात. आकडा जास्त म्हणजे पिकप भारी असं समजून लोक खरेदी करतात पण तो नुसता तारेचा रेझिस्टन्स आहे, टोन नाही. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे नाशिकच्या जानेवारीतल्या १० डिग्रीच्या सकाळी जो पिकप ६ के दाखवेल तोच मे महिन्यात ४० डिग्रीच्या दुपारी ६.७ च्या आसपास दाखवेल. ह्या फरकावर वाद घालत बसणारे लोक मी बघितलेत.

सामान

मल्टीमीटर, साधाच, पण दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजणारा. सोल्डरिंग आयर्न, २५ वॅटचा सगळीकडे मिळतो आणि वायरींना तो बरा, पण पॉटच्या पाठीवर सोल्डर मारायला कमी पडतो, ४० ते ६० वॅटचा असेल तर उत्तम. ६०-४० सोल्डर वायर, फ्लक्सची डबी, डिसोल्डर पंप, काळी टेप, मास्किंग टेप, फिलिप्स आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपरचा एक तुकडा. रेझिस्टर आणि कपॅसिटर शहरातल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात मिळतात, टीव्ही-अॅम्प्लिफायर दुरुस्तीवाले जिथून माल घेतात तिथे. काउंटरवर 'पाव वॅटचा रेझिस्टन्स' असं मागा, रेझिस्टर म्हटलं तरी देतात. गिटारचे पॉट मात्र तिथे सहसा नसतात, जे असतात त्यांचा दांडा वेगळा निघतो आणि नॉब बसत नाही. ते ऑनलाइन मागवा, नाहीतर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला लॅमिंग्टन रोडची चिठ्ठी द्या.

पायरी १: गिटार न उघडता

नव्या तारा टाका. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये इथे तारा बघता बघता गंजतात आणि गंजलेल्या तारेवर कुठलाही पिकप मेल्यासारखाच वाजणार. मग अॅम्प क्लीनवर ठेवा, गिटारचे सगळे नॉब १० वर, मोबाइल एका जागी टेकवून प्रत्येक स्विच पोझिशनला एकच कॉर्ड आणि एकच लहानसा रिफ वाजवून रेकॉर्ड करा. हे रेकॉर्डिंग जपून ठेवा, पुढे प्रत्येक बदलानंतर ह्याच्याशीच तुलना करायची आहे. कान फार लवकर विसरतो, आणि दुसरं म्हणजे जे मोठ्याने वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, त्यामुळे तुलना करताना अॅम्पचा आवाज सारखा करून घ्या, नाहीतर पिकप नुसता वर केला तरी टोन सुधारला असं वाटत राहील.

आता केबल गिटारला लावा, दुसरं टोक अॅम्पला न लावता मल्टीमीटरला, एक प्रोब टोकाला आणि दुसरा बाहेरच्या भागाला, मीटर २० के वर. व्हॉल्युम १० वर. स्विच एक एक पोझिशनवर नेऊन आकडे लिहून ठेवा. पिकपच्या खऱ्या रेझिस्टन्सपेक्षा आकडा किंचित कमी येईल कारण पॉट समांतर जोडलेला असतो, ते ठीक आहे. स्ट्रॅटच्या २ आणि ४ पोझिशनना, जिथे दोन पिकप एकत्र वाजतात तिथे, आकडा जवळपास अर्धा यायला पाहिजे. एखाद्या पोझिशनला काहीच दाखवत नसेल किंवा मीटरची रेंज वाढवल्यावर शेकड्यांत के दाखवत असेल तर कॉइल तुटलीय नाहीतर ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड) आहे, आणि मग टोनचं पुराण बाजूला ठेवून आधी ते शोधा.

पायरी २: उंची

ही पायरी मी मुद्दाम लांबवतोय कारण सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी लोक करतात. दुकानातून आलेल्या बऱ्याच गिटारवर पिकप कसाही बसवलेला असतो, एक बाजू वर, एक खाली, नेकचा (गिटारच्या मानेजवळचा) तारेला टेकायचा बाकी.

जाड ई (सगळ्यात जाड तार) शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पिकपच्या पोलचा (तारेखालच्या धातूच्या खांबाचा) माथा ते तारेची खालची बाजू हे अंतर बघा. पट्टीने मोजताना नजर चुकते, त्यापेक्षा पिक (तारा छेडायची चकती) वापरा, ज्याच्यावर १ मिमी छापलेलं असतं असे दोन एकावर एक ठेवले की झाले २ मिमी, टोक झिजलेलं असतं म्हणून मधला भाग वापरायचा. स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइलसाठी सुरुवात अशी करा: जाड ई ला २ ते २.४ मिमी, बारीक ई ला १.६ ते २ मिमी. हंबकरसाठी ब्रिजला (तारा खाली अडकतात त्या टोकाकडच्या पिकपला) १.६ आणि नेकला २.४ च्या आसपास. हे शेवटचे आकडे नाहीत, इथून कानाने पुढे जायचं.

स्क्रू फिरवताना, प्लास्टिकच्या पिकगार्डवर (गिटारच्या पुढच्या पत्र्यावर) किंवा रिंगमध्ये बसवलेला पिकप असेल तर घड्याळाच्या दिशेने आवळला की पिकप वर येतो, आणि थेट लाकडात आवळलेला असेल तर उलट. एकावेळी अर्धा फेरा, त्याहून जास्त नको. पिकप वर येतच नसेल किंवा हलत असेल तर खालची स्प्रिंग गेलेली असते, बॉलपेनची स्प्रिंग टाका, जरा मऊ पडते पण काम भागतं.

कानाने काय शोधायचं? जवळ नेला की आवाज मोठा, भरीव, अटॅक जास्त. लांब नेला की आवाज लहान पण मोकळा, स्वर जास्त वेळ टिकतो. खूपच जवळ नेला, विशेषतः ज्याच्यात मॅग्नेटच्याच कांड्या आहेत असा अल्निकोवाला (अल्निको हा मॅग्नेटचा एक प्रकार) सिंगल कॉइल, तर मॅग्नेट तारेला ओढायला लागतो. बाराव्या फ्रेटच्या वर जाड ई वाजवा, स्वर डोलत असेल, दोन स्वर एकमेकांशी भांडतायत असं ऐकू येत असेल, ट्यूनरचा काटा एका जागी थांबत नसेल तर तेच कारण आहे. कितीतरी लोक ह्यासाठी इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर यावा म्हणून तारेची लांबी जुळवणं) करून घेतात आणि ते कधीच जुळत नाही. नेकचा पिकप एक फेरा खाली करा, प्रकरण मिटतं.

नेक आणि ब्रिजचा तोल पण इथेच साधायचा. ब्रिजपाशी तार कमी हलते म्हणून ब्रिजचा पिकप जवळ पाहिजे आणि नेकचा लांब. आधी ब्रिज ठरवा, मग नेकला खाली नेत नेत त्याच्या बरोबरीला आणा, सगळे उलट करतात. नेक चिखलासारखा वाटतोय अशी तक्रार असेल तर त्याची जाड ई ची बाजू खाली घ्या, बारीक बाजू तशीच. हंबकरवर स्क्रूवाले पोल असतील तर एखादी दबलेली तार थोडी वर आणता येते. सिंगल कॉइलच्या अल्निको कांड्या मात्र कधीच दाबू नका, जुन्या पद्धतीच्या पिकपमध्ये तार थेट त्या मॅग्नेटवरच गुंडाळलेली असते, कांडी सरकली की आतली तार तुटते आणि पिकप संपला.

पायरी ३: उघडताना

तारा सैल करा, पिकपांच्या माथ्यावर मास्किंग टेप लावा. ही टेप शोभेची नाही. चपटा स्क्रू ड्रायव्हर पिकपजवळ नेला की मॅग्नेट तो खेचून घेतो, आणि बाजूने कॉइल उघडी असेल तर तेवढा एक ओरखडा पुरतो. फ्रेट घासायची स्टील वूल तर त्या खोलीतसुद्धा नको, तिचा चुरा पोलला चिकटतो आणि निघता निघत नाही.

पिकगार्ड उलटं करून आधी फोटो काढा, चारी बाजूंनी, वायरींचे रंग दिसतील असे. पिकप उलटा करून बघा: खाली पट्टीसारखा काळा मॅग्नेट चिकटवलेला असेल आणि पोल स्टीलचे असतील तर तो सिरॅमिक, स्वस्त गिटारमध्ये हाच असतो. पोलच मॅग्नेट असतील तर बहुतेक अल्निको. सिरॅमिक म्हणजे वाईट असं काही नाही, भरपूर महागडे मेटल पिकप सिरॅमिकच असतात.

पायरी ४: पॉट आणि ४७० के ची युक्ती

पॉटच्या पाठीवर किंवा कडेला आकडा असतो, A250K, B500K असा काहीतरी. हे अक्षर म्हणजे नॉब फिरवल्यावर रेझिस्टन्स कसा बदलतो त्याचा प्रकार, ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर, निदान आशियात बनलेल्या पॉटवर तरी. प्रघात असा की सिंगल कॉइलला २५० के आणि हंबकरला ५०० के. पॉटचा आकडा जेवढा लहान तेवढा पीक जास्त दबतो आणि आवाज मऊ होतो. स्वस्त स्ट्रॅट कॉपीमध्ये बऱ्याचदा सिरॅमिक पिकपबरोबर ५०० के चे पॉट टाकलेले असतात, मग ब्रिज पोझिशन कानात सुई घातल्यासारखी वाजते आणि माणूस म्हणतो पिकप भंगार आहे. पिकप भंगार नाही भो, त्याच्या पीकवर झाकण नाहीये.

नवीन पॉट आणायच्या आधी हे करून बघा. ४७० के चा पाव वॅटचा रेझिस्टर घ्या, पट्टे पिवळा-जांभळा-पिवळा. व्हॉल्युम पॉटला तीन पाय असतात: एका कडेच्या पायावर स्विचकडून वायर येते, मधल्यावरून जॅककडे जाते, आणि दुसऱ्या कडेचा पाय पॉटच्या पाठीला म्हणजे ग्राउंडला जोडलेला असतो. हा रेझिस्टर दोन कडेच्या पायांमध्ये जोडायचा. ५०० के आणि ४७० के समांतर आले की पिकपला साधारण २४२ के दिसतात, म्हणजे २५० चा पॉट लावल्यासारखंच. आधी सोल्डर करू नका, मगरचिमट्याने नुसता धरून अॅम्पवर ऐका. आवडलं तर पक्का करा, कमी दाबायचं असेल तर १ मेगओहमचा लावून बघा. व्हॉल्युमचा फिरवताना येणारा फील थोडा बदलतो, चालतं.

उलटी केस असेल, हंबकरची गिटार आणि आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा, तर पॉट बघा. तिथे २५० चे निघाले तर मात्र रेझिस्टरने काही होणार नाही, ५०० चे आणावेच लागतील. आणताना दांड्याचे दाते आणि गिटारच्या भोकाचा व्यास बघा, अमेरिकन पद्धतीच्या मोठ्या पॉटला साडेनऊ मिमीच्या आसपास भोक लागतं, आपल्या स्वस्त गिटारमध्ये ते लहान असतं आणि मग ड्रिल काढायची वेळ येते.

सोल्डर मारताना पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने घासा, ती चकचकीत असेल तर सोल्डर गोळी होऊन घरंगळतं. फ्लक्स लावा, आयर्न पूर्ण तापू द्या, पाठीवर टेकवा, सोल्डर आयर्नला नाही तर पाठीला लावा, ते पाण्यासारखं पसरलं की वायर त्यात बुडवून आयर्न काढा आणि वायर हलवू नका. चार-पाच सेकंदांत झालं पाहिजे. थंड आयर्नने अर्धा मिनिट घासत बसलात तर आतला ट्रॅक भाजतो आणि पॉट कायमचा खरखरतो. गार झाल्यावर सोल्डर चमकदार आणि पसरलेलं दिसलं पाहिजे, मळकट दाणेदार गोळा म्हणजे ड्राय सोल्डर, परत करा. सोल्डरमध्ये शिसं असतं, खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा आणि मगच भेळेला हात लावा.

पायरी ५: आणखी दोन स्वस्त मॉड

व्हॉल्युम ६-७ वर आणला की आवाज मातीत जातो ना, त्यावर ट्रेबल ब्लीड, म्हणजे व्हॉल्युम कमी केला तरी ट्रेबल टिकवणारी जोडणी. १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, अंगावर १०२ छापलेला, आणि १५० के चा रेझिस्टर, पट्टे तपकिरी-हिरवा-पिवळा, दोघं समांतर जोडून व्हॉल्युम पॉटच्या येणाऱ्या पायाला आणि मधल्या पायाला. बास. जे लोक व्हॉल्युम कायम १० वरच ठेवतात त्यांनी ह्यात वेळ घालवू नये.

दुसरा माझा सगळ्यात आवडता, एका वायरीचा. पारंपरिक स्ट्रॅटमध्ये ब्रिज पिकपला टोन कंट्रोलच नसतो, एक टोन नेकचा, एक मधल्याचा. स्विचच्या टोनवाल्या बाजूला मधल्या पिकपच्या पिनेपासून ब्रिजच्या पिनेपर्यंत एक छोटी वायर टाकली की खालचा टोन नॉब ब्रिजवर पण चालायला लागतो. नॉब ७ वर आणा आणि तोच टोचणारा ब्रिज ऐका. स्वस्त गिटारमध्ये आठ पिना एका रांगेत असलेला बंद डब्यासारखा स्विच असतो, त्याची रचना प्रत्येकाची वेगळी, तिथे फोटो बघून अंदाज लावू नका, मीटरच्या बीपने कुठली पिन कुठल्या पोझिशनला जोडली जाते ते कागदावर काढा.

टोन कपॅसिटर बदलायचं फॅड पण आहे. ४७३ म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, २२३ म्हणजे ०.०२२. टोन १० वर असताना फरक ऐकू येणार नाही, खाली आणल्यावर ४७३ जास्त काळोख करतो एवढंच. तेलाचे, पितळी नळीतले, शेकड्यांत किंमत असलेले कपॅसिटर घेऊ नका, त्यापेक्षा तारा घ्या.

पायरी ६: गुंईं आवाज

आधी कारण ओळखा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो? मग गिटारचं ग्राउंड ठीक आहे. हात लावल्यावर वाढतो? जॅकवर दोन वायरी उलट्या लागल्यात. ब्रिज ते जॅकचा बाहेरचा भाग बीप झाला पाहिजे, नाही झाला तर ब्रिजची ग्राउंड वायर सुटलीय. आणि घरातलं बघा, पंख्याचा फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, लाइट गेल्यावर चालणारा जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर, टेबलावरचा चार्जर, हे सगळे गिटारमध्ये घुसतात. पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये तीन पिनचा सॉकेट असतो पण मागे अर्थिंगची वायरच नसते. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आवाजासाठी नाही, जिवासाठी, कारण गिटारच्या तारा ग्राउंडला म्हणजे अॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. गिटारच्या आत काहीच धोका नाही, पण अॅम्प कधी उघडू नका, ट्यूबचा तर नाहीच, प्लग काढल्यावरसुद्धा आत करंट साठलेला असतो.

शिल्डिंग करायचं तर तांब्याची चिकट टेप, जिचा गोंदसुद्धा करंट जाऊ देतो अशी लिहिलेली. एसीवाले वापरतात ती अॅल्युमिनियमची टेप स्वस्त पडते पण तिचा गोंद सहसा करंट जाऊ देत नाही आणि तिला सोल्डर धरत नाही. खाचेचा तळ, भिंती आणि पिकगार्डची मागची बाजू मढवा, तुकडे एकमेकांवर थोडे चढवा, सगळीकडे बीप येतोय ना बघा आणि एका वायरीने ग्राउंडला जोडा. कुठलाही उघडा पाय टेपला टेकत नाही ना तेवढं बघा, नाहीतर गिटार गप्प. शिल्डिंगने चरचर जाते, ट्रान्सफॉर्मरचा ५० हर्ट्झचा घुमणारा हम जात नाही, तो मॅग्नेटिक असतो. त्याच्यावर उपाय म्हणजे उलट गुंडाळलेल्या दोन कॉइल. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकरच्या पेटंटचा अर्ज केला तो ह्याच त्रासासाठी, पेटंट मिळेपर्यंत १९५९ उजाडलं आणि त्यानंतरही काही वर्षं पिकपखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' चं लेबल लागत राहिलं, आज त्याच लेबलाच्या पिकपसाठी लोक वेडे आहेत. तुमच्या स्ट्रॅटचा मधला पिकप उलटा गुंडाळलेला असेल तर २ आणि ४ पोझिशनला हम गायब होतो, स्विच फिरवून लगेच कळेल.

पायरी ७: फेज आणि स्प्लिट

दोन पिकप एकत्र केल्यावर आवाज नाकातून आल्यासारखा पातळ होत असेल तर ते आउट ऑफ फेज आहेत, म्हणजे एकमेकांच्या उलट चालून एकमेकांचा आवाज खातात. पिकप वेगळे करून मीटर २० के वर लावा, स्क्रू ड्रायव्हर पोलवर आडवा ठेवा आणि झटकन उचला, आकडा क्षणभर वर जातो की खाली ते बघा. सगळे पिकप एकाच दिशेला गेले पाहिजेत. जो उलटा जाईल त्याच्या दोन वायरी आलटापालट करा. टेलीच्या (फेंडर टेलीकास्टरच्या) नेकसारखं धातूचं कव्हर असेल तर आधी कव्हरची ग्राउंड वायर वेगळी काढा, नाहीतर कव्हरच सिग्नलच्या बाजूला जाईल आणि हात लावला की बझ.

चार वायरींचा हंबकर असेल तर पुश-पुल पॉट (नॉब ओढला-दाबला की स्विचसारखा चालणारा) लावून एक कॉइल बंद करता येते, ह्यालाच स्प्लिट म्हणतात, मधला जोड ग्राउंडला टाकायचा. सेमूर डंकनमध्ये तो लाल-पांढरा, डिमार्झिओमध्ये काळा-पांढरा. बिननावाच्या पिकपमध्ये रंगावर विश्वास नको, मीटरने दोन कॉइल शोधा. स्प्लिट केल्यावर स्ट्रॅट होत नाही, आवाज लहान आणि बारीक होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पायरी ८: मॅग्नेट आणि मेण

आता आपण पिकपच्या आत शिरतोय. हंबकरमधला सिरॅमिक काढून अल्निको ५ टाकला तर अटॅक थोडा मवाळ होतो, अल्निको २ टाकला तर आणखी मऊ. खालचे चार स्क्रू सैल करा, टेप सोडवा, जुना मॅग्नेट हळू सरकवून काढा, पण काढायच्या आधी त्याची कुठली लांब कड स्क्रूवाल्या पोलकडे होती तिथे मार्करने खूण करा. नव्या मॅग्नेटची एक लांब कड त्या खुणेच्या कडेजवळ न्या, जी कड दूर ढकलली जाते ती तीच बाजू, तिच्यावर खूण करा आणि त्याच दिशेने बसवा. ढकलत असताना जोर लावून एकमेकांना चिकटवू नका, अल्निको अशाने कमजोर पडतो. जाडी आधी मोजून घ्या, स्वस्त पिकपातले सिरॅमिक जाड असतात आणि मग नवा पातळ मॅग्नेट आत डुगडुगतो.

पिकप मेणात बुडवायचा फक्त तेव्हा, जेव्हा जास्त गेनवर पिकप शिट्टी मारतो आणि कव्हरवर नखाने टकटक केलं तर अॅम्पमधून ठकठक येते. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं मेण, एका डब्यात, तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात, थेट आचेवर कधीच नाही, मेण पेटतं. थर्मामीटर लावून ६० ते ६५ डिग्री, त्याच्यावर गेलं की स्वस्त प्लास्टिकचा बॉबिन (कॉइल गुंडाळलेली रीळ) वाकतो. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटं बुडवा, काढून पुसा, गार होऊ द्या. स्वयंपाकघरातलं पातेलं वापरणार असाल तर आईला आधी सांगा.

पायरी ९: रिवाइंडिंग की नवीन

कॉइल तुटली असेल तर सातपूर-अंबडला मोटर वाइंडिंगची दुकानं भरपूर आहेत असं कोणीतरी सांगेलच. तिथे जायला हरकत नाही, पण एक गोष्ट पक्की करून जा. पिकपबद्दल जे काही वाचाल त्यात '४२ गेज' लिहिलेलं असतं ते अमेरिकन गेज आहे, म्हणजे ०.०६३ मिमी. आपल्याकडे वाइंडिंगवाले एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं ब्रिटिश माप) बोलतात आणि त्यांचं ४२ म्हणजे ०.१ मिमी, इतक्या जाड तारेचे आठ हजार वेढे त्या बॉबिनवर मावणारच नाहीत. जवळचा नंबर एसडब्ल्यूजी ४६, ०.०६१ मिमी. नंबर न सांगता मिमीमध्येच मागा. मोटरवाल्यांना एवढ्या बारीक तारेची सवय नसते आणि ताण जरा जास्त झाला की ती तुटते, त्यामुळे स्वस्तातला सिरॅमिक पिकप असेल तर त्याच्या रिवाइंडिंगवर पैसे घालू नका.

आणि इतकं सगळं करून नवीनच घ्यायचे ठरले तर ऑर्डर टाकायच्या आधी ब्रिजजवळ जाड ई आणि बारीक ई मधलं अंतर मोजा. हंबकर साधारण ५० मिमीच्या पोलचे आणि ५२-५३ मिमीचे असे दोन्ही येतात. ट्रेमोलोवाल्या (दांडीने हलणारा ब्रिज असलेल्या) गिटारवर ५२ वाला लागतो, नाहीतर कडेच्या तारा पोलच्या बाहेर जातात. सिंगल कॉइलमध्ये कव्हरची भोकं जुळतात का बघा. वायरी किती आहेत ते विचारा, दोनच असतील तर स्प्लिटचा नाद सोडा. आणि जुने पिकप फेकू नका, जुन्या रेकॉर्डिंगशी तुलना करून नवे पटले नाहीत तर परत लावता येतात.